समुपदेशन आणि शुश्रूषा

१

माझ्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर सात फोन नंबर आहेत. एक आमच्या कौटुंबिक डॉक्टरांनी दिलेला, एक महाविद्यालयातल्या सहकारी बाईंनी हळू आवाजात सांगितलेला, एक पुण्याच्या भाचीने पाठवलेला. बाकीचे असेच इकडूनतिकडून जमलेले. सातांपैकी चार ठिकाणी मी फोन केला आणि तीन ठिकाणी आम्ही दोघे, म्हणजे मी आणि माझे यजमान, प्रत्यक्ष गेलो. हे सगळे तीन वर्षांपूर्वीचे. सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या, त्या गेल्या, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या घरातले बोलणे बंद पडले. भांडण झाले नव्हते. भांडण झाले असते तर बरे, असे वाटावे इतकी शांतता होती. यजमानांची झोप गेली, जेवण कमी झाले. एक दिवस ते म्हणाले, "मला आता कशाचंच काही वाटत नाही." त्या दिवशी मी वहीचे शेवटचे पान उघडले.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. अडचण आली की आधी पुस्तकांच्या कपाटाशी जाण्याची जुनी खोड आहे. या वेळीही तेच केले. मनाचा डॉक्टर शोधणारा माणूस मराठी लेखनात कसा वागला आहे, हे मला पाहायचे होते. कोणाकडे जावे, पहिल्या भेटीत काय सांगावे, समोरचा चुकीचा वाटला तर काय करावे, नवऱ्याला 'चला' कसे म्हणावे, याचा एखादा दाखला हवा होता. मराठीत वेडे पुष्कळ भेटले. एकाकी, खचलेली, संसाराला विटलेली माणसे तर किती तरी. कुठे कुठे डॉक्टरही भेटला. शोधणारा मात्र जवळजवळ भेटलाच नाही.

प्रस्तुत लेख त्या न भेटण्याचा आहे. मराठीतल्या सगळ्या लेखनाचा आढावा घेण्याचा दावा मी करत नाही. काही ठळक पुस्तके, एक मासिक, तीन चित्रपट आणि एक शब्द एवढीच सामग्री घेतली आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मनाला आधार देणारा म्हणजे चार शब्द सांगणारा, अशी प्रतिमा आपल्या भाषेने आणि साहित्याने घडवली. ऐकणाऱ्याची प्रतिमा घडवली नाही. त्यामुळे गरज पडते तेव्हा आपण सांगणाऱ्याला शोधत निघतो, आणि बहुधा तोच आपल्याला सापडतो.

२

सुरुवात शब्दापासून करू. 'काउन्सेलिंग'साठी मराठीत 'समुपदेशन' हा शब्द रुळला आहे. त्याच्या पोटात 'उपदेश' आहे आणि उपदेशाच्या पोटात 'दिश्', म्हणजे दाखवणे. ज्याला वाट माहीत आहे त्याने वाट चुकलेल्याला दाखवायची, असे चित्र त्या शब्दात पक्के आहे. इंग्रजी मूळ शब्दाचाही अर्थ सल्ला असाच आहे, तेव्हा सगळा दोष मराठीवर टाकता येणार नाही. पण इंग्रजीत त्याच्या जोडीला 'थेरपी' हा शब्द आहे आणि त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ सेवा, एखाद्याजवळ असणे, असा होतो. आपण 'थेरपी'साठी 'उपचार' घेतला. मूळ अर्थाने तोही सेवेचाच शब्द, पण आज तो उच्चारताच गोळी आणि इंजेक्शन आठवते.

उपदेशाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. समर्थांचे 'मनाचे श्लोक' पाहावेत. २०५ श्लोकांत मनाला समजावले आहे, बजावले आहे, कधी गोंजारून तर कधी दटावून. लहानपणी ते पाठ केलेल्या माझ्यासारख्या कित्येकांना मनाशी बोलण्याची एकच रीत ठाऊक आहे : मनाला आज्ञा करायची. 'दासबोध' हा गुरुशिष्यांचा संवाद. त्याच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवेचन आहे आणि त्यात पहिली भक्ती श्रवणाची. म्हणजे ऐकण्याला आपल्याकडे प्रतिष्ठा आहेच. प्रश्न एवढाच की ऐकायचे कोणी? शिष्याने. गुरू सांगतो, शिष्य ऐकतो.

रोजच्या मराठीत हे आणखी स्पष्ट दिसते. 'मुलगा ऐकत नाही' म्हणजे त्याचे कान बिघडलेले नसतात, तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही. 'सून ऐकणारी आहे' हे सासरचे प्रशस्तिपत्र. आपल्या भाषेत ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांना एकच क्रियापद आहे. ज्याच्या हाती सत्ता तो सांगतो, ज्याच्या हाती नाही तो ऐकतो. मानसोपचाराच्या खोलीत ही मांडणी नेमकी उलटी होते. शिकलेला, अधिकार असलेला माणूस ऐकतो आणि गांजलेला बोलतो. ही उलटापालट आपल्या भाषेच्या अंगवळणी पडलेली नाही, असे मला वाटते.

याच्या जोडीला दुसरी एक शब्दावली आहे. कोणी विचित्र वागले की मुंबईच्या बाजूला 'याला ठाण्याला पाठवा' म्हणत आणि पुण्याच्या बाजूला 'येरवड्याला'. दोन्हीकडे सरकारी मनोरुग्णालये आहेत. येरवड्याला तर तुरुंगही आहे, त्यामुळे एकाच नावात दोन्ही धाक बसतात. या बोलण्यातले क्रियापद लक्षात घ्यावे : 'पाठवणे'. दुसऱ्याने पाठवायचे. आपण होऊन 'जाणे' या शब्दावलीत नाही. एकीकडे उपदेश आणि दुसरीकडे पाठवणी, या दोहोंच्या मध्ये स्वतःच्या पायांनी जाणाऱ्या माणसाला मराठीत फार थोडी जागा उरते.

३

ती जागा करून देण्याचा एक मोठा प्रयत्न मराठीत शंभर वर्षांपूर्वी झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते चालवले. या मासिकातली वाचकांची प्रश्नोत्तरे मी पुन्हा वाचली. लैंगिक शंका, लग्नातली घुसमट, शरीराविषयीची भीती, असे कोणापाशीही न बोलता येणारे विषय लोक पत्रांतून विचारत होते आणि कर्वे उत्तरे देत होते. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झाला.

नातेसंबंधांविषयी अनोळखी पण जाणकार माणसाला विचारण्याची रीत मराठीत येथे दिसते. विचारणारा स्वतःहून विचारतो, आणि आपली लाज बाजूला ठेवून विचारतो. हे मोठेच पाऊल होते. तरीही त्या पानांची मर्यादा आज जाणवते. कर्वे गणिताचे प्राध्यापक. त्यांची उत्तरे मोजकी, स्वच्छ, शास्त्राला धरून. गणित सोडवून दाखवावे तशी. अज्ञानातून आलेले दुःख अशा उत्तराने जाते, आणि त्या काळी अज्ञानाचेच ओझे फार होते. पण सगळे दुःख अज्ञानातून येत नाही. ज्याला प्रश्नच नीट मांडता येत नाही त्याने पत्र कसे लिहावे? 'मला कशाचंच काही वाटत नाही' हा प्रश्न नव्हे. त्याला उत्तर नसते. त्याच्याजवळ बसावे लागते.

कर्व्यांनी उपदेशातली नीती काढली आणि तेथे विज्ञान आणले. सांगणाऱ्याची जागा मात्र तशीच राहिली. मासिकाच्या छापील पानाला याहून वेगळे काही जमणारही नव्हते, हे मान्य करायला हवे.

४

मग ऐकले कोणी? माझ्या मते मराठीत ते काम वाचकाने केले, आणि विशेषतः स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या वाचकाने.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांचा तापट, लहरी स्वभाव आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेली ताटातूट हे कोणत्याही संसाराला पुरून उरणारे प्रसंग. लक्ष्मीबाईंभोवती सल्ला देणारी माणसे खूप आहेत. नातलग आहेत, शेजारी आहेत, धर्माचे जाणकार आहेत. प्रत्येकाला तिने काय करावे हे ठाऊक आहे. तिला काय वाटते, हे मात्र ती आपल्याला सांगते, आणि तेही हसत हसत. त्या हसण्याचे आपण नेहमी कौतुक करतो. मला आता असेही वाटते की दुःख ऐकून घेणारे जवळ कोणी नसले की ते विनोदाच्या वाटेने बाहेर पडते.

हंसा वाडकरांच्या आत्मकथनाचे नाव 'सांगत्ये ऐका'. १९७० साली ते पुस्तकरूपाने आले, शब्दांकन अरुण साधू यांचे. त्याच नावाचा त्यांचा चित्रपट गाजलेला होता, म्हणून नाव घेतले हे खरे. पण ते नाव पुस्तकाला किती चपखल बसते! एक बाई आयुष्यातली पडझड बोलत गेली आणि एक माणूस ती लिहून घेत गेला. मराठी आत्मकथनांत उपचाराच्या खोलीच्या इतक्या जवळ जाणारी दुसरी रचना मला आठवत नाही. फरक एवढाच की येथे बोललेले सगळे छापून येणार होते. गुप्ततेची भिंत नव्हती.

सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले तेव्हा महाराष्ट्र हादरला, कारण ते घर साऱ्यांच्या लाडक्या माणसाचे होते. 'एवढं सगळं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?' ही त्या वेळची तक्रार मी स्वतः ऐकली आहे. खरे सांगायचे तर विद्यार्थिदशेत मीही ती केली आहे. आज ते पुस्तक वाचताना वेगळा प्रश्न पडतो. चव्हाटा आणि मौन यांच्यामध्ये तिसरी कोणती जागा त्या पिढीतल्या बाईला उपलब्ध होती? माहेरी सांगावे तर काळजी, मैत्रिणीला सांगावे तर कुजबुज, नवऱ्याला सांगावे तर तोच विषय. उरला वाचक. हजारो वाचकांना आपण ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवले आणि त्यांनी ऐकलेही. पण वाचक उलट विचारू शकत नाही. 'तुम्ही आत्ता थांबलात, काय आठवलं?' असे म्हणू शकत नाही. लिहिणारीचे मन हलके होत असेल, पण तिच्या संसारातला दुसरा माणूस त्या खोलीत कधी येत नाही. नात्याचे दुखणे एकाच बाजूने लिहिले जाते. आत्मचरित्राचे बळ तेच आणि त्याची मर्यादाही तीच.

५

चित्रपटांकडे मी अधिक आशेने वळले, कारण सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी मराठीत हा विषय सातत्याने हाताळला आहे. 'देवराई' (२००४) मधला शेष स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला आहे. अतुल कुलकर्णींनी तो फार प्रामाणिकपणे उभा केला. त्याची बहीण, सोनाली कुलकर्णींची भूमिका, त्याला आपल्या घरी आणते, उपचार सुरू होतात आणि तिच्या स्वतःच्या संसाराला त्याचा ताण बसतो. रुग्णाच्या बरोबरीने त्याची काळजी घेणाऱ्याकडे पाहणारा हा चित्रपट. माझ्यासारखीला तो आरशासारखा वाटला. पण तेथे आजार इतका उघड आहे की डॉक्टरकडे न्यावे की न न्यावे, हा प्रश्न फार काळ राहत नाही. आमच्यासारख्या घरांतले दुखणे उघड नसते. सकाळी दूध येते, पेपर येतो, माणूस कामावर जातो. 'हे डॉक्टरकडे जाण्याइतकं आहे का?' याच प्रश्नात वर्ष निघून जाते.

'कासव' या प्रश्नाच्या अधिक जवळ जातो. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले. जीव द्यायला निघालेला एक तरुण (आलोक राजवाडे) जानकीला (इरावती हर्षे) भेटतो आणि ती त्याला कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी घेऊन जाते. जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याच्या मागे प्रश्नांचा लकडा लावत नाही, नावगाव विचारून हैराण करत नाही. खाऊपिऊ घालते आणि जवळपास राहते. ऐकणाऱ्याची प्रतिमा मराठी पडद्यावर कोणी उभी केली असेल तर ती येथे. डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि या चित्रपटात ते कासवांच्या संवर्धनाचे काम करणाऱ्याच्या भूमिकेत आहेत. याच दिग्दर्शकांच्या 'अस्तु'मध्ये ते स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध विद्वान होते. खरा डॉक्टर पडद्यावर डॉक्टर होत नाही, यात मला दिग्दर्शकांचा सूचक विचार दिसतो : बरे करणारे नाते पांढऱ्या कोटापुरते नसते.

हे सुंदर आहे, आणि येथेच माझी तक्रारही आहे. जानकी त्या मुलाला योगायोगाने भेटते. तिच्याकडे घर आहे, वेळ आहे, समुद्र आहे. वाटेत कोणाला जानकी भेटेल म्हणून किती जणांनी वाट पाहावी?

गौरी शिंदे यांचा 'डिअर जिंदगी' (२०१६) हिंदी असला तरी पुण्यात वाढलेल्या दिग्दर्शिकेचा आणि गोव्यात घडणारा, म्हणून त्याचा विचार करते. भारतीय पडद्यावर थेरपीच्या खोलीतल्या भेटी इतक्या सविस्तर त्याआधी क्वचितच आल्या असतील. कायरा (आलिया भट) हिच्या नात्यांमधल्या गोंधळाचे मूळ बालपणी आईवडिलांनी दूर ठेवल्यात आहे, हे तिला स्वतःला उमगते. शेवटी ती डॉ. जहांगीर खान (शाहरुख खान) यांच्यात गुंतते तेव्हा ते ती सीमा ओलांडत नाहीत. थेरपी संपवायची असते, हेही हा चित्रपट दाखवतो. पण तिला डॉक्टर सापडतात कसे? त्यांचे बोलणे एका हॉटेलात तिच्या कानावर पडते म्हणून. पुन्हा योगायोग. आणि पहिलाच डॉक्टर नेमका योग्य निघतो.

साहित्य म्हणजे फोन डिरेक्टरी नव्हे, असा आक्षेप यावर येईल. तो रास्त आहे. पत्ते देणे हे कथा-कादंबरीचे काम नाही. पण वराचा शोध, नोकरीचा शोध, मुंबईत खोलीचा शोध यांवर मराठीने भरभरून लिहिले आहे, कारण त्या शोधातच माणसाचा कस लागतो. हा शोधही तसाच नाट्यपूर्ण आहे. नवऱ्याला न सांगता केलेला पहिला फोन, दवाखान्याच्या बाकावर ओळखीचे कोणी दिसेल ही धास्ती, फीचा हिशेब, 'आपल्यात काय कमी आहे' असा घरच्यांचा सवाल : यात गोष्ट नाही असे कोण म्हणेल? गोष्ट नसली की माणसाला आपले वागणे जगावेगळे वाटते. मला तसे वाटले.

६

वैचारिक लेखनात स्थिती बरीच बरी आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि मराठीत सातत्याने लिहिले. 'शहाण्यांचा सायकिअॅट्रिस्ट' या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच सगळा पूर्वग्रह आणि त्याला दिलेले उत्तर आहे. त्याआधी १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले आणि व्यसनी माणसाच्या बायकोलाही बोलायला जागा लागते, हे मराठी समाजाला दाखवले.

किशोर फडके, म्हणजे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली. एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. फडक्यांचा त्यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरीही लिहिली. मनाला छळणारा अविवेकी समज शोधायचा, त्याच्याशी वाद घालायचा आणि तेथे विवेकी विचार बसवायचा, ही ती पद्धत. आगरकर आणि कर्वे वाचलेल्या मराठी मनाला ती पटकन आपलीशी वाटली यात नवल नाही. तिचा उपयोगही मोठा आहे. पण तिच्या सौम्य वाचकालाही एक धोका असतो : पुस्तक मिटल्यावर तो स्वतःलाच दटावू लागतो. 'मनाचे श्लोक' पुन्हा सुरू होतात, फक्त भाषा विवेकाची असते.

एलिस यांचे समकालीन कार्ल रॉजर्स. उपचारकाने समोरच्याला विनाअट स्वीकारावे, त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावे आणि स्वतः खरे असावे, यावर त्यांचा भर. त्यांचे नाव आपल्या मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असते. मराठी सामान्य वाचकाच्या मनात ते एलिस यांच्याइतके रुजलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. पद्धत कोणतीही असो, उपचारक आणि येणारा यांच्यातले नाते जितके विश्वासाचे तितका गुण येण्याचा संभव अधिक, असे मानसोपचारांवरचे संशोधन वारंवार सांगत आले आहे. तेव्हा योग्य माणूस शोधणे ही उपचाराआधीची किरकोळ धावपळ नसते. ते उपचाराचेच पहिले काम असते.

७

आता त्या शोधाविषयी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५–१६ मध्ये १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. नैराश्य आणि चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत नाहीत, असे त्यात दिसले. आकडा वाचला तेव्हा मी म्हटले, आम्ही निदान निघालो तरी.

पहिले गृहस्थ जिल्ह्याच्या गावी होते. पाटीवर 'समुपदेशक' होते, शिक्षण कोठे काय ते नव्हते आणि मी विचारलेही नाही. त्यांनी मला पहिल्याच वाक्यात 'वहिनी' म्हटले. तेव्हा मला ते घरगुती आणि छान वाटले. नंतर कळले की त्या एका हाकेने ते माझ्या यजमानांचे भाऊ झाले होते. वीस मिनिटांत त्यांनी यजमानांना पहाटे फिरायला जायला सांगितले, मला घर हसते ठेवायला सांगितले आणि एक आध्यात्मिक पुस्तिका दिली. आम्ही दोघेही मान डोलावत ऐकत होतो. परत येताना एसटीत एक शब्द बोललो नाही.

दुसरे मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवीचे. त्यांनी नीट तपासले, नैराश्य आहे असे स्पष्ट सांगितले आणि गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात यजमानांची झोप सुधारली. गोळ्यांविषयीची माझी अढी तेथे गेली. त्यांनीच सांगितले की तुम्हा दोघांतले जे अडले आहे त्यासाठी बोलण्याचे उपचार हवेत, आणि तेवढा वेळ माझ्याकडे नाही. हा फरक मला तोवर ठाऊक नव्हता. औषध देतो तो मनोविकारतज्ज्ञ. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशकांना व्यावसायिक चौकटीत आणणारा कायदा २०२१ सालचा, अगदी अलीकडचा. तोवर पाटी कोणीही लावू शकत होते. कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतात, पण तेथे वाद उभा राहिलेला असतो. आमचा वाद नव्हता.

तिसरी एक तरुण मानसशास्त्रज्ञ, आमच्या मुलीच्या वयाची. फोनवरच तिने शिक्षण, नोंदणी आणि फी सांगितली. पहिल्या भेटीत गुप्ततेची हमी दिली आणि तिला अपवाद कोणते, तेही सांगितले. नंतर आम्हाला एकेकटे भेटली. घरात मारहाण किंवा धाक आहे का, हे तिने मला एकटीला विचारले. तसे असेल तर दोघांना एकत्र बसवणे योग्य नसते, असे म्हणाली. "तुम्हाला मी काय म्हणू?" असे विचारून आमची पहिली नावेच घेऊ लागली. यजमान तिला 'मॅडम' म्हणत.

मी तिच्यावर नाराज होते. ती काही सांगतच नव्हती. बाराशे रुपये घेऊन ही मुलगी फक्त बसते, असे मी दोनदा घरी बोलले. मराठी शिकवणाऱ्या बाईचे कान सांगणाऱ्यासाठी तयार झालेले होते.

पाचव्या भेटीत खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मी काही तरी विषय काढणार होते, पण तिने हात किंचित वर केला. मग यजमान म्हणाले, "आई गेली त्या रात्री मी जागा होतो. तिची हाक आली होती. मी उठलो नाही." मला त्या क्षणी काय सुचायला हवे होते ठाऊक नाही. मी म्हणाले, "मलाही आली होती. मला वाटलं, तुम्ही उठाल."

हे त्यांना विचारून लिहीत आहे. तीन वर्षे आम्ही सासूबाईंचे अंथरूण बदलले, औषधे दिली, भरवले. त्या रात्री थकलेली दोन माणसे एकमेकांच्या शेजारी जागी पडून होती, आणि पुढचे आठ महिने दोघांनीही ते एकमेकांपासून लपवले. कोणत्याही उपदेशाने ते बाहेर आले नसते. 'घर हसते ठेवा' या वाक्याने तर ते कायमचे पुरले गेले असते.

८

मराठीत आजारी माणसाच्या सेवेला 'शुश्रूषा' म्हणतात. शब्द नेहमीचा, इतका नेहमीचा की वर्गात त्याची फोड मी कधी केली नव्हती. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्याचे इच्छार्थक रूप म्हणजे शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा. संस्कृतात हा शब्दही आधी शिष्याचाच. गुरूचे बोल ऐकू इच्छिणारा तो शुश्रूषू. पुढे तो सेवेकडे आणि मराठीत रुग्णाच्या उशाशी आला. म्हणजे ऐकण्याची बाजू बदलण्याचे काम भाषेने एकदा केलेले आहे. आजाऱ्याजवळ बसणाऱ्याने ऐकायचे असते, हे या शब्दाला ठाऊक आहे. समुपदेशनाऐवजी हा शब्द वापरा, असा माझा आग्रह नाही. रुळलेले शब्द असे बदलत नाहीत. पण मराठी लेखकाला या विषयावर काही लिहायचे असेल तर त्याने उपदेशाच्या परंपरेकडून न येता शुश्रूषेच्या बाजूने यावे, एवढे सुचवावेसे वाटते. तेथे त्याला शोधणारा माणूस भेटेल आणि ऐकणाराही. ती गोष्ट अजून लिहायची राहिली आहे.

आमचे सगळे ठीक झाले असे नाही. यजमानांच्या गोळ्या आता कमी झाल्या आहेत. रात्री आवाज झाला की अजूनही दोघे जागे होतो, फरक इतकाच की आता विचारतो, "तुम्हाला ऐकू आलं का?"

मागच्या महिन्यात महाविद्यालयातली एक तरुण प्राध्यापिका दार लोटून आत आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का? आम्हा दोघांसाठी." मी वही काढली. दोन नंबर दिले. अगदीच रात्रीअपरात्री वेळ आली तर १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तेही सांगितले. शिक्षण आणि नोंदणी विचारायला लाजू नकोस, म्हटले. पहिला माणूस पटला नाही तर दुसऱ्याकडे जा, त्यात गैर काही नाही. ती उठली तेव्हा आणखी एक सांगावेसे वाटले. "पहिल्या भेटीतून बाहेर आलीस की एवढं आठवून बघ, कोण जास्त बोललं."